मोटारीचं इंजिन, लाकडाची बोट: जुन्या शर्यती हायड्रोप्लेनच्या जगात पाऊल टाकताना

१५ ऑक्टोबर १९५३ रोजी उत्तर इटलीतल्या इझेओ सरोवरावर आकिल्ले कास्तोल्दी या शर्यतपटूने एका लाकडी बोटीतून ताशी २४१.७०८ किलोमीटरचा वेग गाठला. ८०० किलो वजनाच्या वर्गातला तो जागतिक विक्रम ठरला. बोटीचं नाव ‘आर्नो ११’. तिच्या पोटात फेरारीचं बारा सिलिंडरचं, साडेचार लिटरचं ग्रां प्री इंजिन होतं. तिचा फोटो पाहूनच बहुतेक जण जुन्या शर्यती हायड्रोप्लेनच्या, म्हणजे पाण्याला जेमतेम टेकून पळणाऱ्या बोटींच्या, छंदाकडे ओढले जातात: लाल रंग, महोगनीचा चकचकीत डेक, उघड्यावर दिसणारं इंजिन आणि बाजूला फेरारीचा उधळणारा घोडा.

इंजिनाचं वेड लागणं स्वाभाविक आहे. पण नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असतं की तळापासून सुरुवात करा. कौतुक इंजिनाचं होतं, पण बोट वेगात जाणार की उलटणार हे तळ ठरवतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच क्रमाने लावल्या आहेत. बोट फक्त बघायची असेल तर पहिल्या तीन पुरतील. एखाद्या बोटीला हात लावायचा असेल, किंवा पुढेमागे विकत घ्यायची असेल, तर शेवटपर्यंत या.

पायरी १: तळ वाचायला शिका

साधी बोट पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढवायचा म्हटलं की पाण्याचा विरोध भराभर वाढतो आणि एका टप्प्यानंतर कितीही ताकद लावली तरी ती कमीच पडते. हायड्रोप्लेनने हा विरोध टाळायचा मार्ग शोधला तो पाण्याच्या वर येऊन. लहानपणी तळ्यावर चपटा दगड तिरका फेकून आपण भाकऱ्या काढायचो; वेग असेपर्यंत दगड पाण्याला टेकून उसळत राहतो, वेग गेला की बुडतो. हायड्रोप्लेनचा तळ त्याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याला सतत ढकलणारं इंजिन असतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बोटींच्या तळाला एक आडवी पायरी असायची. त्या पायरीमुळे तळाचा थोडाच भाग पाण्याला लागायचा. खरा बदल १९३०च्या दशकात झाला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हेंटनर बोट वर्क्समध्ये एपल पितापुत्रांनी तीन टेकूंची रचना विकसित केली: पुढे दोन्ही बाजूंना एकेक स्पॉन्सन, म्हणजे तळाला जोडलेला लांबट फुगीर ठोकळा, आणि मागे तिसरा टेकू. मधल्या पोकळीतून हवा आत शिरते आणि बोटीला खालून उचलून धरते. १९३९ साली ब्रिटिश विक्रमवीर माल्कम कॅम्पबेलने विक्रमासाठी बांधून घेतलेली ब्लूबर्ड के४ याच रचनेची होती.

पुढची उडी १९५० सालची. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर २६ जून रोजी स्टॅनली सेअर्सच्या ‘स्लो-मो-शन ४’ने ताशी १६०.३२३ मैलांचा विक्रम केला. तिच्यात मागचा टेकू म्हणजे तळाचा भाग नव्हता. तो होता अर्धा पाण्याबाहेर राहून फिरणारा पंखा, म्हणजे प्रॉपेलर. प्रॉपेलरचा दांडा आणि त्याला धरणारा खांब पाण्यातून ओढत नेण्यात बरीच ताकद वाया जाते. पंखाच पृष्ठभागावर आणला की ती वाचते. बोटीमागे उसळणारा पाण्याचा उंच तुरा त्या अर्ध्या उघड्या पंख्याचाच.

एखादी जुनी हायड्रोप्लेन पहिल्यांदा बघाल तेव्हा इंजिनाकडे जाण्याआधी खाली वाका. स्पॉन्सन किती लांब आहेत, त्यांच्या कडा किती धारदार आहेत, मधली पोकळी मागे उतरत जाते की सपाट आहे, पंख्याचा मध्य तळाच्या रेषेच्या वर आहे की खाली, हे बघा. चालक कुठे बसतो तेही बघा: १९५०च्या दशकातल्या बहुतेक बोटींत तो इंजिनामागे बसायचा, नंतरच्या काळात पुढे आला. एवढं दिसायला लागलं की बोट कोणत्या काळातली आणि कशासाठी बांधलेली, याचा अंदाज दुसऱ्याला न विचारता बांधता येतो.

पायरी २: इंजिन बोटीत का आलं ते समजून घ्या

मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

१९५० आणि १९५१ या फॉर्म्युला वनच्या पहिल्या दोन हंगामांत नियम असे होते: सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) असेल तर दीड लिटर, नसेल तर साडेचार लिटर. अल्फा रोमिओने पहिला मार्ग घेतला. त्यांच्या १५८ आणि १५९ या मोटारींत ओळीने आठ सिलिंडरचं, सुपरचार्जर लावलेलं इंजिन होतं, आणि ते शेवटी चारशेच्या वर अश्वशक्ती देत होतं. फारिना आणि फांजिओ त्याच मोटारींवर जगज्जेते झाले. फेरारीने दुसरा मार्ग घेतला. आउरेलिओ लाम्प्रेदीने मोठं, सुपरचार्जरविना चालणारं बारा सिलिंडरचं इंजिन आखलं आणि १४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोनला गोन्झालेसने त्यावर फेरारीला फॉर्म्युला वनमधला पहिला विजय मिळवून दिला.

त्या हंगामानंतर अल्फा स्पर्धेतून बाहेर पडली. स्पर्धकच उरत नाहीत म्हणून १९५२ आणि १९५३ची जागतिक स्पर्धा दोन लिटरच्या फॉर्म्युला टू नियमांवर घेण्यात आली. एका झटक्यात जगातली सगळ्यात ताकदवान शर्यती इंजिनं ग्रां प्रीमध्ये निरुपयोगी झाली. ती जुनी झाली नव्हती, झिजली नव्हती. नियमाने त्यांची जागा काढून घेतली. आणि मिलानपासून तासाभराच्या अंतरावर कोमो सरोवर होतं. तिथे श्रीमंत हौशी शर्यतपटू होते आणि अझ्झानोला तिमोस्सीसारखे बोटी बांधणारे कारखाने होते.

मारिओ वेर्गा या शर्यतपटूने ‘लाउरा’ या आपल्या बोटीत अल्फा १५९चं इंजिन बसवलं. कास्तोल्दीने आल्बेर्तो आस्कारी आणि लुइजी विल्लोरेसी या शर्यतपटू मित्रांच्या ओळखीने एन्झो फेरारींकडून मदत मिळवली. आर्नो ११चा सांगाडा तिमोस्सीने बांधला. इंजिनाला सुपरचार्जर लावले, ते मिथेनॉलवर चालवलं आणि त्याची ताकद ५०० अश्वशक्तीच्या पुढे नेली. एकाच काळात, एकाच प्रदेशातल्या सरोवरांवर, ग्रां प्रीतल्या अल्फा आणि फेरारीची झुंज पुन्हा रंगली. १९५४च्या ऑक्टोबरमध्ये दोन अल्फा इंजिनांची ‘लाउरा ३’ घेऊन वेर्गा इझेओवर विक्रमासाठी उतरला आणि त्या प्रयत्नात त्याचा मृत्यू झाला. या बोटींच्या सौंदर्याबद्दल बोलताना ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुढे सुरक्षेची पायरी येईल तेव्हा ती आठवा.

हीच साखळी पुढे चालू राहिली. मासेरातीने १९५७नंतर कारखान्याचा शर्यती संघ बंद केला, आणि स्पोर्ट्स कारच्या स्पर्धेत ३ लिटरची मर्यादा आल्याने त्यांच्या ४५०एस मोटारीच्या मोठ्या व्ही-८ इंजिनालाही रस्ता उरला नाही. त्या घराण्यातली इंजिनं इटालियन बोटींत दिसू लागली. इंग्लंडमध्ये नॉर्मन बकलीने विंडरमियर सरोवरावर जग्वारच्या एक्सके इंजिनांच्या ‘मिस विंडरमियर’ बोटींतून विक्रम केले. अमेरिकेत लहान वर्गांमध्ये फोर्डचं छोटं व्ही-८ आणि क्रॉस्लीचं इवलंसं इंजिन चालायचं. सगळ्यात मोठ्या अमेरिकन वर्गात मात्र मोटारीची नव्हे, विमानाची इंजिनं होती: ॲलिसन आणि रोल्स-रॉइस मर्लिन.

हा फरक फक्त नावाचा नाही. विमानाचं इंजिन प्रचंड मोठं आणि सावकाश फिरणारं. स्लो-मो-शनमध्ये गिअर लावून पंख्याचा वेग इंजिनाच्या तिप्पट करावा लागला होता. ग्रां प्री मोटारीचं इंजिन मुळातच मिनिटाला ७,००० फेऱ्यांच्या आसपास पळतं, हलकं असतं, म्हणून वजनाच्या मर्यादेतल्या वर्गांना ते नेमकं जुळलं.

मोटारीचं इंजिन बोटीत बसवणं ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. कोकणातल्या मासेमारी ट्रॉलरवर ट्रकच्या घराण्यातली, समुद्रासाठी बदललेली डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. ज्याने मिरकरवाड्याला किंवा ससून डॉकला एखाद्या मिस्त्रीला समुद्राच्या पाण्यावर इंजिन थंड ठेवताना पाहिलं आहे, त्याला सातव्या पायरीतला अर्धा भाग आधीच माहीत आहे.

पायरी ३: प्रत्यक्ष जाऊन बघा

फोटोत आवाज नसतो आणि आकाराचा अंदाजही येत नाही. आर्नो ११ सारखी बोट फोटोत लांबलचक वाटते. शेजारी उभं राहिलं की ती किती बुटकी आणि उघडी आहे ते कळतं.

इटलीत जाणार असाल तर कोमो सरोवर सोडू नका. पश्चिम किनाऱ्यावर पियानेल्लो देल लारिओ इथे सरोवरावरच्या बोटींचं मोठं संग्रहालय उभं राहिलं आहे. जाण्याआधी ते उघडं आहे का आणि कोणत्या वेळात, हे विचारून घ्या. अल्फाच्या इंजिनाची मूळ मोटार बघायची असेल तर मिलानजवळ आरेसेला अल्फा रोमिओचं संग्रहालय आहे. दोन्ही एकाच प्रवासात होतात, आणि मोटार आधी, बोट नंतर असा क्रम ठेवला तर इंजिन डोळ्यांसमोर जागा बदलताना दिसतं.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात कॉनिस्टन सरोवरावर वेगविक्रमांचा आठवडा भरतो. पूर्वी तो विंडरमियरवर व्हायचा. २००५ साली तिथे वेगमर्यादा आली आणि मेळावा हलला. तिथे नव्या-जुन्या, लहान-मोठ्या सगळ्या बोटी येतात आणि विक्रमाची पद्धत डोळ्यांनी समजते: ठरलेल्या अंतरावर पूर्ण वेगाने शिरायचं, ठरलेल्या वेळेत उलट दिशेने परत यायचं, आणि दोन्हींची सरासरी धरायची. गावातल्या रस्किन संग्रहालयात डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड के७ आहे. ती जेटवर चालणारी, म्हणजे आपल्या विषयाबाहेरची. पण ४ जानेवारी १९६७ रोजी याच सरोवरावर तिचं पुढचं टोक उचललं गेलं आणि ती हवेत उलटली. तीन टेकूंच्या बोटीखाली शिरणारी हवा उचलते तशी उलथवतेही, हे तिच्यासमोर उभं राहून जेवढं कळतं तेवढं कोणत्याही आकृतीतून कळत नाही.

अमेरिकेत मराठी माणसं भरपूर आहेत, त्यांच्यासाठी दोन ठिकाणं. सिएटलजवळ केंट इथलं हायड्रोप्लेन संग्रहालय जुन्या बोटी दुरुस्त करून पुन्हा पाण्यावर उतरवतं. ऑगस्टच्या सुरुवातीला लेक वॉशिंग्टनवर सीफेअरच्या शर्यती होतात. त्या दिवसांत सिएटलला असाल तर घरी बसू नका. न्यूयॉर्क राज्यात सेंट लॉरेन्स नदीकाठी क्लेटन इथे जुन्या बोटींचं उत्तम संग्रहालय आहे, आणि जुन्या शर्यतबोटींचा मेळावाही तिथे भरत आला आहे.

मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या होत्या. त्या पाहिल्या असतील तर वेगाचा अंदाज असेल, पण त्या बोटी समुद्राच्या लाटांवर आपटत जाणाऱ्या, एकसंध तळाच्या होत्या. हायड्रोप्लेन लाटेवर चालत नाही. तिला आडोशाचं, शांत पाणी लागतं.

पायरी ४: एका मोसमापुरते मदतनीस व्हा

जुनी हायड्रोप्लेन एकटा माणूस चालवू शकत नाही. क्रेनने उतरवायला, दोर धरायला, इंधन भरायला, परत आल्यावर पाणी उपसायला हात लागतात, आणि हे हात बहुधा हौशी लोकांचेच असतात. मेळाव्याला जाऊन मालकाला सरळ विचारा. आधी पुसायचं काम मिळेल, तेही आनंदाने करा. कापड घेऊन तळ पुसताना जेवढ्या भेगा दिसतात तेवढ्या तपासणीच्या दिवशीही दिसत नाहीत.

पायरी ५: विकत घ्यायचीच असेल तर आधी कागद

२०१२च्या मे महिन्यात मोनॅकोच्या लिलावात आर्नो ११ ला ८,६८,००० युरो मिळाले. रक्कम मोठी आहे, पण त्याच घराण्याच्या इंजिनाची शर्यती मोटार याच्या कैक पट किमतीला जाते. या तफावतीमुळेच धोका तयार होतो. मूळ इंजिन बोटीतून काढून एखाद्या मोटारीत बसवणं फायद्याचं ठरतं, आणि अनेक बोटींच्या बाबतीत तसं घडून गेलेलं असतं. उलट, साध्या बोटीत नंतर नामांकित इंजिन टाकून तिला मोठा इतिहास चिकटवणंही सोपं आहे.

म्हणून तळ आणि इंजिन यांचा इतिहास वेगवेगळा तपासा. तळासाठी बांधणाऱ्या कारखान्याची पाटी, जुने शर्यतीचे क्रमांक, त्या काळातले फोटो. फोटोत डेकवरच्या लाकडाच्या रेषा बघा. महोगनीच्या फळीचा पोत माणसाच्या बोटाच्या ठशासारखा असतो, दोन फळ्या एकसारख्या नसतात. इंजिनासाठी ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक आणि कंपनीच्या नोंदी. फेरारीचा क्लासिके विभाग मारानेल्लोहून खरेपणाचा दाखला देतो, आणि आर्नो ११ चीही तिथे दखल घेतली गेली आहे. अल्फाचं दस्तऐवज केंद्र आरेसेच्या संग्रहालयात आहे.

मालकी बदलली, इंजिन बदललं, डेक बदलला हे सगळं चालतं. शर्यतीच्या बोटी अशाच जगतात. कास्तोल्दीनंतर आर्नो ११ नान्डो देल्ऑर्तोने शर्यतींत चालवली आणि गरजेप्रमाणे बदलली. तो बदलही इतिहासाचाच भाग. लपवलेला बदल मात्र किमतीत धरा.

पायरी ६: लाकूड तपासा, घाई न करता

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात किंवा बुडतात. सोबत लाकडी बोटींवर काम केलेला सुतार न्या. मोटारीच्या गॅरेजातला माणूस या कामाचा नाही.

समज असा असतो की पाण्यामुळे बोट कुजते. सरोवराच्या पाण्यापेक्षा डेकमधून झिरपून आत साचलेलं पावसाचं पाणी जास्त घातक असतं. हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यांत कूज धरते: स्पॉन्सनच्या आत, मागच्या आडव्या फळीच्या तळाशी, डेकखालच्या बंद कप्प्यांत. लाकडी हातोडीने हलके टकटक करत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं दबका आवाज देतं. संशय आला तिथे टोचा दाबून बघा, आणि स्पॉन्सनच्या आत बघायला छोटा कॅमेरा घाला. रंग नवा कोरा असेल तर जास्त सावध व्हा.

इंजिन ज्या दोन लांब तुळयांवर बसतं त्या नीट बघा. प्रत्येक बोल्टभोवती भेग आहे का? लाकूड तेल प्यायलेलं आहे का? तेलकट लाकडावर सरस धरत नाही, त्यामुळे तिथली दुरुस्ती म्हणजे बहुधा तुळईच बदलणं. पितळी स्क्रू ठिसूळ झालेले असतात; दोनचार काढून बघायची परवानगी मागा. स्क्रू फिरवताना तुटला तर बाकीच्यांची अवस्था काय असेल ते समजलं.

नंतर मोठा निर्णय येतो. बोट पळवायची की जपायची? पळवायची असेल तर सत्तर वर्षांचं लाकूड आणि त्या काळचा सरस यांवर विश्वास ठेवून पूर्ण वेगाला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. मूळ तळ जपून ठेवावा आणि त्याच मापाचा नवा तळ बांधून त्यात इंजिन चालवावं. नवा तळ आहे हे उघडपणे सांगितलं तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त मंद गतीने प्रदर्शनाच्या फेऱ्या मारायच्या असतील, तर मूळ लाकूड नीट बळकट करून चालतं.

पायरी ७: इंजिन आणि पंखा

मोटारीत इंजिनाला श्वास घ्यायला जागा असते. वळणाआधी पाय उचलला जातो, गिअर बदलताना क्षणभर भार उतरतो. बोटीत तसं नाही. गिअर बदलणं नसतं, उतार नसतो, आणि पाणी सतत अडवत असतं. सरळ फेरीत इंजिन मिनिटभर पूर्ण भारावर राहू शकतं, आणि मोटारीसाठी आखलेल्या बेअरिंगना व पिस्टनना तो वेगळाच ताण असतो. म्हणून तेलाची व्यवस्था पहिली: बोट उसळत असताना तेल एका बाजूला गोळा होतं, पंप हवा ओढतो आणि क्रँकशाफ्ट कोरडा पडतो. शर्यती इंजिनांना बहुधा वेगळी तेलाची टाकी असतेच. तिच्या नळ्या नव्या घाला आणि दाबाचा काटा नजरेसमोर बसवा.

नेमक्या उलट स्वरूपाचा दुसरा धोका म्हणजे भार अचानक नाहीसा होणं. बोट उसळून पंखा पाण्याबाहेर आला की इंजिन क्षणात मर्यादेपलीकडे फिरतं. पूर्वी हे चालकाच्या पायावर सोडलेलं असे. आज फेऱ्यांवर मर्यादा घालणारं छोटं उपकरण लपवून बसवता येतं, आणि दुर्मीळ इंजिन वाचवायचं असेल तर ते बसवावंच.

थंड ठेवण्याचा प्रश्न इथे उलटा येतो. रेडिएटरऐवजी सरोवराचं पाणी आत घेतलं जातं, आणि आल्प्सच्या पायथ्याचं पाणी इतकं गार असतं की इंजिन हवं तेवढं तापतच नाही. थंड इंजिनात तेल घट्ट राहतं, सिलिंडर झिजतात. पाणी आत घेण्यावर नियंत्रण ठेवणारा वळसा किंवा थर्मोस्टॅट हवा. आणि ही बोट समुद्राच्या पाण्यात घालू नका. शर्यती इंजिनांतल्या ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या भागांना खारं पाणी झपाट्याने खातं.

मिथेनॉल वापरणार असाल तर आधी ते वापरणाऱ्याकडून शिका. ते बाष्प होताना इंजिनाला आतून थंड करतं, म्हणून सुपरचार्जर लावलेल्या इंजिनांना ते मानवतं. पण पेट्रोलच्या जवळपास दुप्पट लागतं, विषारी असतं, आणि त्याची ज्वाळा दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. प्रदर्शनाच्या फेऱ्यांसाठी इंजिन सौम्य करून पेट्रोलवर चालवणं शहाणपणाचं.

पंखा हातात घ्या. पात्याच्या कडेला बारीक खाच असली तरी तिथून तडा जाऊ शकतो, आणि पूर्ण वेगात तुटलेलं पातं तळ फाडून वर येतं. रंगद्रव्य लावून तडा शोधण्याची चाचणी स्वस्त आहे; दर मोसमाआधी करा. दांडा सरळ आहे का तेही त्याच वेळी मोजून घ्या.

पायरी ८: पाण्यावर

जुन्या बोटींच्या मेळाव्यात बहुतेकदा शर्यत नसते, प्रदर्शनाची फेरी असते. तरीही आयोजक आणि त्या देशाच्या पॉवरबोट संघटनेचे नियम पाळावे लागतात. जागतिक संघटना यूआयएम मोनॅकोत आहे आणि राष्ट्रीय संघटना तिच्याशी जोडलेल्या असतात.

उघड्या, जुन्या पद्धतीच्या कॉकपिटमध्ये पट्टा बांधत नाहीत. बोट उलटली तर चालक बाहेर फेकला जावा, खाली अडकू नये, असा त्यामागचा विचार. पट्टा फक्त मजबूत बंद कॉकपिटसोबत, आणि तिथे पाण्याखाली उलटं अडकून सुटण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. मानेला आधार देणारं लाइफ जॅकेट, ठळक रंगाचं हेल्मेट, आणि चालक जागेवरून हलला की इंजिन बंद करणारी दोरी या गोष्टी जुनेपणाला शोभत नाहीत म्हणून काढून ठेवणाऱ्या माणसाच्या बोटीत बसू नका.

अनेक बोटींना क्लच नसतो. इंजिन सुरू झालं की बोट निघाली. समोर मोकळं पाणी असल्याशिवाय आणि किनाऱ्यावरच्यांनी हात वर केल्याशिवाय चालू करायचं नाही. सुरुवातीला बोट जड, आळशी वाटते, नाक वर करून पाणी ढकलते. मग एकदम सपाट होते, आवाज बदलतो आणि सुकाणू हलकं लागतं. या क्षणी नवा माणूस खूश होऊन आणखी पाय दाबतो. तसं करू नका. पहिल्या दिवशी तळ पाण्यावर येईपर्यंतच जा, पाय हळूहळू उचला, परत या, तळ आणि कप्पे उघडून बघा. अचानक पाय सोडला तर नाक खाली खुपसतं, तेही लक्षात असू द्या.

हलकी सुरकुती असलेलं पाणी चालतं. आरशासारख्या पाण्याला तळ थोडा चिकटतो. खरा शत्रू म्हणजे समोरून येणारा वारा आणि स्वतःच्याच बोटीने मागे सोडलेल्या लाटा. फेरी संपवून लगेच वळून त्याच पाण्यात शिरू नका, पाणी निवू द्या. डाव्या बाजूला उभी पट्टी असलेल्या बोटी डाव्या वळणासाठी बांधलेल्या असतात. त्या उजवीकडे वेगात वळवायच्या नाहीत.

पायरी ९: परत आल्यावर

फेरी पाच मिनिटांची असली तरी पुढचे दोन तास कामाचे असतात. मिथेनॉल वापरलं असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून इंजिन थोडा वेळ पेट्रोलवर चालवा, नाहीतर धातूचे भाग आतून गंजतात. थंड करण्याच्या वाटांतलं सगळं पाणी काढून टाका. हिवाळ्यात गोठलेलं पाणी ब्लॉक फोडतं, आणि असा ब्लॉक जगात दुसरा मिळेलच असं नाही. सिलिंडरमध्ये थोडं तेल घालून इंजिन हाताने फिरवून ठेवा.

तळाची झाकणं उघडी ठेवा, आत हवा खेळू द्या. बोट तापवलेल्या खोलीत ठेवू नका: लाकूड आक्रसतं, जोड उघडतात आणि पुढच्या वर्षी बोट पाणी घेते. हवा थोडी दमट आणि स्थिर असलेली शेड सगळ्यात चांगली. ट्रेलरवर वजन स्पॉन्सनवर येऊ न देता तळाच्या मजबूत आडव्या चौकटींखाली टेकू द्या. शेवटी वहीत लिहा: किती वेळ चालली, तेलाचा दाब किती होता, पाणी कुठून आलं, कोणता स्क्रू घट्ट केला. बोट पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला ही वही बोटीसोबतच द्या.